पैलवानाचा कान आणि हजाराच्या आतले इअरबड

हरणाबाईंनी आजवर एक सून निवडली, सात बैल निवडले आणि मलकापुरातला हा बंगलाही दारातल्या नळाची धार बघून त्यांनीच निवडला. यातल्या कशानंच त्यांना कधी खाली बघायला लावलं नाही. त्यामुळं कानात घालायचं शेंगदाण्याएवढं यंत्र निवडायची वेळ आली, तेव्हा त्या पदर खोचून म्हणाल्या, "त्यात काय एवढं? एका हेलपाट्यात आनते." सुनेनं, म्हणजे संयोगितानं, हे वाक्य ऐकलं आणि ती गप्प बसली. शहाणी पोरगी. निवडच तशी होती.

झालं होतं असं, की हरणाबाईंच्या मालकांच्या, म्हणजे लालासाहेबांच्या, रक्तात साखर निघाली. कराडच्या डॉक्टरांनी कागद उलटासुलटा करून सांगितलं, "रोज चाळीस मिनिटं चाला. दोन महिन्यांनी परत रक्त बघू. तेव्हाही साखर एवढीच असली, तर मग रोज पोटात सुई."

आता लालासाहेब म्हणजे एके काळचा नावाजलेला पैलवान. शंभर किलोचा गडी कमरेवरून पलीकडं टाकलेला माणूस. पण सुईपुढं त्यांचं काही चालत नसे. नातवाला लस टोचायला नर्सबाई घरी आली होती, तेव्हा नातू रडला नाही. लालासाहेब मात्र बाहेरच्या सोप्यात आडवे झाले होते आणि नर्सबाईंना आधी त्यांच्या तोंडावर पाणी मारावं लागलं होतं. तेव्हा पोटात सुई, तीही रोज, म्हणजे या घराची अब्रूच गेली असती.

पण चालायचं तर तेही जमेना. "जायाचं कुटं न्हाई, आनायचं काय न्हाई, मग चालायचं कशाला?" असं ते विचारत. हरणाबाईंनाही मनातून तसंच वाटत होतं. शेवटी संयोगितानं फोनवर जुन्या कुस्त्यांची निवेदनं लावून दिली. हलगी कडाडली, निवेदकानं गळा फाडला आणि लालासाहेबांचे पाय आपोआप चालू लागले. कॉलनीच्या बागेतल्या ट्रॅकवर चार फेऱ्या कधी झाल्या ते त्यांना कळायचंच नाही.

ते बाकी सगळ्यांना कळायचं. सकाळी सहाला ट्रॅकवर हलगी वाजली, की हिरवळीवर प्राणायामाला श्वास कोंडून बसलेल्या बायकांचा श्वास भलत्याच वेळी सुटायचा. आवाज कमी करा म्हटलं, तर लालासाहेब म्हणत, "हळू आवाजातली कुस्ती म्हंजे काय हरिपाठ हाय व्हय?" मग एक दिवस बागेच्या फळ्यावर सूचना लागली: 'काही ज्येष्ठ नागरिकांनी मोबाईलचा आवाज बंद ठेवावा. अध्यक्ष.' हरणाबाई तिसरीपर्यंत शिकलेल्या. त्या एकेक अक्षर लावून वाचत, त्यामुळं प्रत्येक अक्षराचा अपमान त्यांना वेगवेगळा झाला.

अध्यक्ष म्हणजे रिटायर सुभेदार धनाजीराव. फौजेतून येऊन वीस वर्षं झाली, पण रागावले की अजून हिंदीत रागावत. हरणाबाईंनी त्यांना तिथंच गाठलं.

"सुभेदार, आमचं नाव लिवायला खडू संपला व्हता काय?"

"वहिनी, डिसिप्लिन मंगता है. कानात घालायचं मिळतं, ते घाला म्हनावं त्यांना."

"घालतो की. हजाराच्या आतलं, झ्याकपैकी घालतो. तुमी फळा पुसायला फडकं तयार ठिवा."

हजाराच्या आतलं हे त्या उगीच बोलून गेल्या. पण बोललं ते बोललं. इकडं लालासाहेबांनी दुसऱ्या दिवशीपासून चालणंच बंद केलं. "फळ्यावर लिवलंय न्हवं?" असं म्हणत ते चहात बेकरीचा बटर बुडवून बसले.

निवड करायची म्हणजे आधी शेजारच्या जोतीराम अण्णांना विचारायचं, असा कॉलनीत रिवाज होता. अण्णा पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेले. मिक्सर घ्यायला त्यांनी अकरा महिने चौकशी केली होती. तोवर त्यांच्या बायकोचा दंड पाटा-वरवंट्यानं पैलवानासारखा झाला होता. त्यांनी वही काढली, पट्टीनं रेघा मारल्या आणि रकाने पाडले. बॅटरी, आवाज, घाम, पकड, गॅरंटी.

"वहिनी, व्यायामाला घ्यायचं तर घाम आन पकड ही दोन महत्त्वाची. मी बारा नमुन्यांना मार्क देतो. आठ दिवस द्या."

"अण्णा, आठ दिवसांत बाळंतीण पाचवी उरकून बाहीर येती."

अण्णांनी तरीही आठ दिवस घेतले. तेवढ्यात समोरच्या झुंबा करणाऱ्या मंगलनं सांगितलं की काळे घेऊ नका, जांभळे घ्या, फोटोत उठून दिसतात. लालासाहेबांच्या डोक्याला जांभळं काही लावायचा विचार मनात आल्यावर हरणाबाईंनी मंगलकडची साखर उसनी आणायची बंद केली. तशीही घरात साखर बंदच होती.

अण्णांच्या वहीत पहिला आलेला नमुना घेऊन हरणाबाई हायवेकडेच्या राजरत्नच्या दुकानात गेल्या. राजरत्न चांगला शिकलेला, गोड बोलणारा. पण नियमाला पक्का.

"उघडून दाव," हरणाबाई म्हणाल्या.

"आजी, सीलबंद असतंय. उघडलं की परत घेता येत न्हाई."

"आरं, मी बैलाच्या जबड्यात हात घालून दात मोजल्याशिवाय बैल घेतला न्हाई. आन हे न बघता घिऊ?"

"बैल एका मानसाच्या कानात घालून परत दुसऱ्याच्या कानात घालत न्हाईत, आजी. स्वच्छतेचा प्रश्न हाय."

हे हरणाबाईंना पटलं. आपल्या तांब्याला दुसऱ्याचं तोंड लागू न देणारी बाई ती. तरी त्यांनी शेवटचं विचारून घेतलं.

"घामाला चालतंय न्हवं?"

"चालतंय की."

"कुनाच्या?"

"म्हंजे?"

"साध्या मानसाच्या का पैलवानाच्या?"

राजरत्ननं डबीवरचं बारीक अक्षर वाचलं. त्यात पैलवानाचा उल्लेख नव्हता. "कुनाच्याबी," तो धीर करून म्हणाला. नऊशे नव्व्याण्णवला सौदा झाला. हजाराच्या आत. तो एक रुपया हरणाबाईंनी हक्कानं परत मागून घेतला.

घरी आल्यावर डबीला हळदकुंकू लावलं, देवापुढं ठेवली आणि मग लालासाहेबांना पाटावर बसवून कानात घालायला घेतलं. आणि तिथं खरी भानगड सुरू झाली.

तालमीत वाढलेल्या माणसाचा कान तुम्ही पाहिला असेल. डोक्याला डोकं घासून, मातीत रगडून त्यात रक्त साकळतं, कान सुजतो आणि मग तसाच कडक होतो. लालासाहेबांचे दोन्ही कान असे मोडलेले. भोक कुठं आहे हे घरच्या माणसालाही बोटानं चाचपून बघावं लागे. पण हा कान म्हणजे काही व्यंग नव्हे. हरणाबाईंना मागणी आली, तेव्हा पाटणहून त्यांचे मामा नवरा मुलगा बघायला गेले होते. त्यांनी शेत विचारलं नाही, शिक्षण विचारलं नाही. परत येऊन एवढंच म्हणाले, "दोनी कान मोडल्यात. म्हंजे घरात दूध हाय, आन पोरगं अंगचोर न्हाई. द्या पोरगी." म्हणजे कानावर ठरलेलं लग्न. शिवाय या घरात सासऱ्यांचे कान मोडलेले, दिराचे मोडलेले. कान असाच असतो, अशी हरणाबाईंची समजूत. सरळ कानाचा पुरुष दिसला की हा काही कामाचा नसावा, असं त्यांना वाटे. त्यामुळं पंधरा दिवस यंत्राचा एवढा विचार झाला, पण कानाचा विचार कुणाच्या मनात आला नाही. अण्णांच्या वहीत तर कानाला रकानाच नव्हता.

डावं यंत्र लावलं, ते टुणकन उडून चहात पडलं. उजवं सदऱ्यात गेलं. डबीत रबराच्या तीन मापांच्या टोप्या होत्या. लहान टोपी आत राहिली आणि यंत्र बाहेर आलं. मोठी आत शिरेचना. हरणाबाईंनी जोर लावला, तसे लालासाहेब ओरडले, "आगं, कान हाय! उखळ न्हवं!"

"हालू नका. कुस्तीत कसं गप पडून ऱ्हायचा तुमी?"

"कुस्तीत मी कवा पडलोय?"

यावर बोलण्यासारखं बरंच होतं, पण सुनेपुढं हरणाबाई बोलल्या नाहीत.

राजरत्ननं माणुसकी दाखवली. व्यायामशाळेत तो स्वतः लावतो तसलं, कानामागून आकडा अडकवायचं यंत्र त्यानं आणून दिलं. पण आकडा अडकायला कानामागं फट पाहिजे. लालासाहेबांचा कान डोक्याला भिंतीवर थापलेल्या गोवरीसारखा चिकटलेला. आकडा तिथून घरंगळला आणि दोरीनं बांधलेल्या चष्म्यात गुंतला. दोरी सुटून चष्मा पडला. आता पैलवानाला ऐकूही येईना आणि दिसेनाही.

"आजी, कंपनीला फोन करा," राजरत्न घाम पुसत म्हणाला. त्याचा घाम साधाच होता.

कंपनीचा फोन आधी बाईच्या आवाजात बोलला, मग पेटी वाजली, मग पुन्हा बाई. पाऊण तासानं खरा माणूस आला, तो हिंदीत. हरणाबाईंनी सुनेच्या हातातला फोन काढून घेतला.

"हमारे मालक के कान में तुमारा माल ठैरता न्हाई."

"मॅडम, जहाँ प्रॉब्लेम है, वहाँ का फोटो भेजिए. चारों तरफ से."

"प्रॉब्लेम कान में हाय."

"तो वही भेजिए."

माणूस सरळ बोलला, तसं यांनी सरळ केलं. संयोगितानं उजेडात उभं करून लालासाहेबांच्या दोन्ही कानांचे आठ फोटो काढले आणि पाठवले. पाच दिवसांनी उत्तर आलं. संयोगिता वाचायला लागली आणि मध्येच थांबली.

"वाच की गं."

"आत्या, लिवलंय... 'आपण पाठवलेली छायाचित्रे तपासली. वस्तू दुमडलेली व फुगलेली असून तिला बाहेरून जोराचा मार बसलेला दिसतो. ग्राहकाच्या हाताळणीत झालेले नुकसान गॅरंटीत बसत नाही.'"

लालासाहेबांचा चेहरा उजळला. "बराबर वळाखलंय की गड्यानं! मार बसलाय. लय जोराचा बसलाय. ह्यो जाणकार मानूस दिसतोय."

"जाणकार? आवं, तुमचा कान गॅरंटीत बसत न्हाई म्हंत्यात!" हरणाबाई कडाडल्या. "त्येंनी कवा दिलती गॅरंटी? गॅरंटी माज्या मामानं दिलती. आन ती पंचेचाळीस वर्सं चाललीया!"

त्यांनी ते उत्तर कागदावर काढून घेतलं. कशाला ते त्यांनाही माहीत नव्हतं. पण अपमान कागदावर असलेला बरा.

तपासणीला पंचवीस दिवस उरले होते आणि लालासाहेब सोप्यात बसून गोल होत चालले होते. तेव्हा जोतीराम अण्णांनी नवीन पान उघडलं. सांगलीला माया मॅडम म्हणून आहेत, त्या ऐकू न येणाऱ्यांच्या कानाचा साचा घेऊन त्या मापाचं रबर करून देतात. त्यात यंत्र बसवलं की झालं. पकडीला दहापैकी दहा.

सांगलीची एसटी पकडली. आष्ट्यापर्यंत लालासाहेबांनी बाजूच्या प्रवाशाला दोन्ही कान दाखवून कोणता कुणामुळं मोडला ते सांगितलं. आष्ट्याला प्रवासी उतरला. त्याला खरं म्हणजे सांगलीला जायचं होतं.

माया मॅडम नम्र बाई. त्यांच्या टेबलावरची मुलगी मात्र संगणकावर अर्ज भरत होती. "कानाचा दोष कसला? जन्मजात, आजार का अपघात?"

"दोष?" लालासाहेब खुर्चीतून उठले. "बाळ, ह्यो दोष न्हाई. कमाई हाय."

"बाबा, तीनच पर्याय हायत. एक निवडल्याशिवाय मशीन फुडं जात न्हाई."

"मग मशीन हितंच ऱ्हाऊ द्या."

"अपघात टाकते, बाबा."

"अपघात? तीन तास सकाळी आन तीन तास संध्याकाळी, धा वर्सं रोज? येवढ्या येळंला अपघात व्हतोय व्हय कुनाचा?"

मुलीनं हरणाबाईंकडं पाहिलं. एरवी नवऱ्याची चूक काढायला त्यांना निमित्त लागत नसे. पण इथं प्रश्न मामांच्या पारखीचा होता. "चौथा रकाना पाड," त्या म्हणाल्या. "आन त्यात लिव, कमावल्याला."

चौथा रकाना पाडायचा अधिकार म्हणे पुण्याच्या ऑफिसला होता. शेवटी माया मॅडमनी अर्ज बाजूला ठेवला आणि आधी साचा तर घेऊ म्हणून कणकेसारखा गुलाबी गोळा कानात भरला. पाच मिनिटांत तो सुकतो आणि अलगद निघतो. साध्या कानातून निघतो. पैलवानाच्या कानात तो घड्याघड्यांतून असा शिरला, की मॅडमनी ओढलं तर गोळ्याबरोबर लालासाहेबच पुढं आले. मग कंपाउंडरनं मागून धरलं. मग तेल घातलं. बाहेर बसलेली माणसं दारात गोळा झाली. "उजवीकडून आत घाल हात!" असं एका म्हाताऱ्यानं ओरडून सांगितल्यावर लालासाहेबांना एकदम हुरूप आला आणि ते सवयीनं खाली बसून कंपाउंडरचा पाय शोधू लागले. गोळा निघाला तो चार तुकड्यांत. मॅडम हात पुसत म्हणाल्या, "दीड महिना लागेल. आणि हजारात नाही बसायचं, आजी."

दीड महिना. तपासणी तीन आठवड्यांवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरणाबाई बागेच्या कडेला बाकावर बसल्या. शेजारी लालासाहेब, चालणार नाही असं तोंड करून. फळ्यावर सूचना तशीच. सुभेदार फडकं घेऊन मुद्दाम फळ्याच्या कडा पुसत होते. हरणाबाईंच्या हातात ती डबी होती, आणि संयोगितानं यंत्र जोडून दिलेला फोन. रागानं फेकून द्यायच्या आधी निदान वाजतं तरी का बघावं, म्हणून त्यांनी फोनवरची कुस्ती चालू केली आणि दोन्ही यंत्रं स्वतःच्या कानात घातली. कुड्यांच्या वर ती अशी बसली, जशी तिथंच उगवलीत.

"आगं बाई! मानसं डोसक्यात शिरली माज्या!" त्या दचकून ओरडल्या. मग ऐकू लागल्या. पंचेचाळीस वर्षं कुस्तीच्या नावानं बोटं मोडलेली बाई. पण निवेदक म्हणाला, पाटणचा गडी आला. पाटण म्हणजे माहेर. बाई ताठ बसल्या. "आरं, असा काय वाकून हुबा ऱ्हायलाय? शेंगा येचतोय का काय? धर की त्येचा पाय!"

लालासाहेबांची मान वळली. "कुनाचा पाय?"

"थांबा हो. आगं बया, धरला!"

"आगं, कुनाचा? कुनी? एकेरी पट काढला का दुहेरी?"

हरणाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. त्यांचे दोन्ही पाय चपलांत शिरले होते. ही बाई तिसरीत शाळेतून काढलेली. पण कोणती दोरी कधी ओढायची हे तिला शाळेत शिकायला लागलं नव्हतं. त्या उठल्या आणि चालू लागल्या. "बसून सांगाय मी काय पुरानिक हाय? यायचं तर या."

लालासाहेब मागून निघाले. अर्धी फेरी होते न होते, तोच कानातली कुस्ती संपली. सांगलीच्या गड्यानं पाटणच्याला चितपट केलं आणि कसल्याशा मलमाची जाहिरात लागली. अडीच मिनिटांची कुस्ती. डॉक्टरांनी चाळीस सांगितलेली. हरणाबाईंनी पुढं बघून, जाहिरात ऐकत, स्वच्छ आवाजात सांगायला सुरुवात केली. "पाटणच्यानं धरलाय पाय. धरला तो धरला, सोडतोय कशाला, आमच्याकडचा हाय. सांगलीचा पडला की उताना... न्हाई, पडता पडता पालथा झाला. आता पाटणचा बसलाय त्येच्या पाठीवर. मानंवर गुडगा. लोक टोप्या उडीवत्यात."

"मोळी बांधली म्हन."

"मला नावं शिकवू नका. बांधलं बोचकं."

त्या दिवशी बोचकं सुटलं नाही. चार फेऱ्या झाल्यावर दोन्ही पैलवान पाणी प्यायला गेले, ते दुसऱ्या दिवशी सहाला परत आले. हरणाबाईंचा आवाज फोनपेक्षा मोठा होता, म्हणून तिसऱ्या दिवशी सुभेदार तक्रार करायला शेजारून चालू लागले. "वहिनी, ये क्या लगा रखा है?" म्हणाले. पुढच्या वळणावर म्हणाले, "ऊपर कौन है?" मग ते रोजच आले. श्वास कोंडणाऱ्या बायका श्वास सोडून आल्या. जोतीराम अण्णा वही घेऊन आले आणि दोघांना डावांचे मार्क देऊ लागले.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी रक्ताचा कागद दोनदा वाचला. साखर उतरली होती. सुई नको म्हणाले. लालासाहेबांच्या कपाळावरचा घाम हरणाबाईंनी पदरानं टिपला, पण तोंडानं म्हणाल्या, "गोळ्या लिवून द्या, आन चालनं चालू ठिवा म्हनून मोठ्या अक्षरात लिवा." लालासाहेबांचं लक्षच नव्हतं. ते डॉक्टरांना म्हणत होते, "साहेब, जरा लवकर सोडा. कुस्ती अर्धी ऱ्हायलीया."

त्या संध्याकाळी पहिल्यांदाच त्यांनी स्वतःहून चपला घातल्या. ट्रॅकवर दोन फेऱ्या झाल्या. पाटणचा अजून वरच होता, गुडघा मानेवर. लालासाहेब चालता चालता गंभीर झाले. जातिवंत पैलवान माणूस. दुसऱ्याच्या जिवाची त्यांना काळजी.

"आगं," ते हळूच म्हणाले, "येवढं तीन हप्तं मानंवर गुडगा ठिवल्यावर त्यो मरंल की गं."

"मरू द्या," हरणाबाई म्हणाल्या. "अजून दोन फेऱ्या ऱ्हायल्यात."